झाडेकाकांचा जबडा

मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा, असं कोणी विचारलं की मी मारोतराव झाडे हे नाव सांगतो. विचारणारा थांबतो. डॉक्टर झाडे का, प्रोफेसर झाडे का, असं विचारतो. मग मला सांगावं लागतं की ते दातांच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचे, दहावी नापास होते, आणि मी एम.डी.एस. झालो तो त्यांच्यामुळे. हे वाक्य मी इतक्यांदा बोललो आहे की ते खरं आहे याबद्दल मला शंका नाही. ते कसं खरं आहे, हे मात्र मला अजून नीट उलगडत नाही. लिहून काढलं तर उलगडेल, या आशेने हे लिहितो आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी देवळीजवळच्या आमच्या खेड्यातून वर्ध्याला दातांच्या कॉलेजात आलो. घरात माझ्याआधी बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. सगळं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. पहिले सहा महिने वर्गात काय चाललं आहे ते मला समजत नव्हतं. सर इंग्रजीत बोलायचे, मी वहीत मराठी अक्षरांत उतरवून घ्यायचो, आणि संध्याकाळी ते वाचून आणखी गोंधळायचो.

सर्वांत जास्त गोंधळ जबड्याचा होता. प्रयोगशाळेत प्रत्येकापुढे एक आर्टिक्युलेटर ठेवलेला असे. म्हणजे पितळेचा खोटा जबडा: वर एक पाटी, खाली एक पाटी, मागे बिजागरी. पेशंटच्या हिरड्यांचे प्लॅस्टरचे साचे त्यावर बसवायचे, त्यांवर मेणात दात लावायचे, आणि पितळेचा जबडा हलवून वरचे दात खालच्या दातांवर कसे बसतात ते पाहायचं. माझे दात बसायचेच नाहीत. मी नुसता उघड-मीट, उघड-मीट करत राहायचो.

मागून एक आवाज आला, "काऊन बे, दार उघडून राह्यला का?"

ठेंगणा, टक्कल पडलेला, मेणाने माखलेला पांढरा कोट घातलेला माणूस. तोंडाला लवंगेचा वास. ते माझ्या डोळ्यांकडे बघतच नव्हते, हनुवटीकडे बघत होते.

"कोनत्या गावचा?"

मी सांगितलं.

"घरी बैल होते?"

"होते."

"मंग तुले सारं येते. भाइर त्या निंबाखाली एक शेळी बांधली आहे. जाय, अर्धा घंटा तिचं तोंड पाह्य. मंग येजो."

मी गेलो. वर्गातली मुलं खिडकीतून हसत होती. मी पांढऱ्या कोटात शेळीसमोर उकिडवा बसलो होतो. शेळी खालचा जबडा एका बाजूला नेत होती, वर आणत होती, घासत परत मधे आणत होती. उघड-मीट अशी नव्हतीच. परत आलो तेव्हा झाडेकाकांनी एवढंच विचारलं, "दार होतं का?"

"नाही. जातं होतं."

"आता दात लाव."

ही माझी आणि झाडेकाकांची ओळख. त्या दिवसापासून ते मला चारचौघांत 'डॉक्टर' म्हणायचे आणि एकटा असलो की 'बापू'.

ते माणसं हनुवटीवरून ओळखायचे. नाव विचारलं तर आठवायचं नाही. "तो घाईवाला आलता काल," म्हणायचे, म्हणजे भराभर चावणारा. देवळीच्या बसमध्ये आम्ही बरोबर बसलो की समोरच्या बाकावर फुटाणे खाणाऱ्या माणसाकडे ते इतकं टक लावून बघायचे की तो माणूस पुडी पुढे करायचा. काका दोन दाणे घ्यायचे आणि मला सांगायचे, "डाव्या मागच्या दाताले कीड आहे याच्या. पाह्य, तिकडे नेतच नाई."

त्यांच्या टेबलावर एक पत्र्याचा डबा होता. त्यात सरकी होती. कवळीच्या टेबलावर सरकी कशाला, असं प्रत्येक नवा विद्यार्थी विचारायचा आणि प्रत्येकाला तीच गोष्ट ऐकायला मिळायची. देवळीकडच्या एका जिनिंगमधला, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर होता. कापूस आला की तो सरकी पुढच्या दातांखाली फोडायचा. कट्ट आवाज आला तर कापूस सुका, नाही आला तर ओला. दात गेले, काकांनी कवळी करून दिली. सुरेख बसली. आठ दिवसांनी तो परत आला. भाकर खाता येत होती, बोलता येत होतं, पण पुढच्या दातांनी सरकी फोडायला गेला की कवळी मागून उचलायची.

"मी त्याले म्हटलं, तुमी सरकी फोडता हे मले काऊन नाई सांगतलं? तो म्हने, तुमी काऊन नाई इचारलं?" इथे काका थांबायचे. "तवापासून मी पह्यले हेच इचारतो. दिवसभर काय चावता? तोंड नंतर पाह्यचं. पह्यले तोंडाचा धंदा पाह्यचा."

आणि खरंच ते विचारायचे. शिंप्याला विचारायचे, दोरा कोणत्या दाताने तोडता. म्हातारीला विचारायचे, पान कोणत्या गालात ठेवता. एकदा एका कीर्तनकाराने चिडून म्हटलं, "मी काही चावत नाही, मी नामस्मरण करतो." काका म्हणाले, "मंग ते करून दाखवा, मी जबडा पायतो." आणि कागदावर खूण करत राहिले.

मी बी.डी.एस. झालो, दोन वर्षं नोकरी केली, आणि दोन हजार सहा-सातच्या सुमारास एम.डी.एस.साठी त्याच विभागात परत आलो. तोवर विभागप्रमुख सरांनी एक नवं यंत्र आणवलं होतं. डोक्याला एक पट्टा बांधायचा, खालच्या दातांना एक हलका चिमटा चिकटवायचा, पेशंटने जबडा हलवला की संगणकाच्या पडद्यावर तोच जबडा हलायचा. मग पितळेचा आर्टिक्युलेटर नको. दात पडद्यावरच लावायचे, पडद्यावरच चावून बघायचे, जिथे दात अडेल तिथे तांबडा ठिपका उमटायचा. सरांनी मला प्रबंधाचा विषय हाच दिला.

काकांना हे आवडणार नाही, अशी माझी खात्री होती. उलटंच झालं. ते पडद्यासमोरून हलेनात. डबा खायलाही तिथेच बसायचे.

"काय म्हणता काका, तुमची पितळेची गाडी गेली आता भंगारात."

"जाऊ दे नं. तीस वर्सं मी तोंडाच्या भाइर उभा राहून अंदाज केला बापू. हे पाह्य, याच्या आतून दिसते." मग जरा वेळाने म्हणाले, "अन् हा थुकत नाई, बोलत नाई, जीव खात नाई. नुसता चावते."

अडचण एकच होती. ज्यांना कवळी हवी त्यांना दात नसतात, मग चिमटा चिकटवायचा कुठे? अशा पेशंटसाठी संगणकात एक सर्वसाधारण जबडा भरून ठेवावा लागायचा. कंपनीने दिलेला होता, पण सर म्हणाले, "तो परदेशी माणसाचा. आपल्याकडची माणसं तशी खात नाहीत. आपल्याच भागातला, बत्तीसही दात शाबूत असलेला, उतारवयाचा माणूस शोधा."

शोधायला लागलं नाही. झाडेकाका साठीला आले होते आणि त्यांचे बत्तीस दात शाबूत होते. ते त्यांना विभागात सर्वांपुढे मोजून दाखवायलाही आवडायचं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी काका इस्त्रीचा सदरा घालून आले. लवंगेचा वास त्या दिवशी जरा जास्तच होता. पेशंट असता तर मी आधी आरसा घालून दोन्ही गाल ओढून पाहिले असते, तो आमचा नियमच आहे. पण काकांचा गाल कोण ओढणार? मी चिमटा चिकटवला, पट्टा आवळला. सर मागे उभे होते. "उघडा. पुढे आणा. डावीकडे न्या. आता उजवीकडे." काका सगळं करत होते, डोळे मिटून, देवळात उभं राहिल्यासारखे. दहा मिनिटांत झालं. सरांनी त्यांची पाठ थोपटली. "झाडे, आता जिल्ह्यातली सगळी माणसं तुमच्या जबड्याने जेवणार."

काका इतके लाजले की बाहेरच निघून गेले.

त्यानंतर मी पडद्यावर एकामागून एक कवळ्या लावल्या. एकही तांबडा ठिपका नाही. आणि पेशंट एकामागून एक परत येऊ लागले. तक्रार सर्वांची सारखी: उजवीकडे चावलं की वरची कवळी सुटते.

मला काही कळेना. मी केबल बदलली. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. साचे पुन्हा घेतले. पडदा म्हणायचा, सगळं बरोबर आहे. तोंड म्हणायचं, काहीच बरोबर नाही. गिरडच्या टेकडीखाली चणे-फुटाण्यांचं दुकान लावणाऱ्या जैतुनबी तीन वेळा दोन बस बदलून आल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी कवळी काढून माझ्या हातावर ठेवली.

"डाक्टर, तू अच्छा लडका हय. लेकिन ये दात मेरे नै. कोई और के मुँह के हय."

मी त्यांना सांगितलं, संगणकावर तपासलं आहे.

"तो फुटाने तेरे कंपूटर को खिला," त्या म्हणाल्या.

सरांना मी सगळं दाखवलं. ते बराच वेळ आकडे बघत बसले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. काकांचा जबडा डावीकडे भरपूर जात होता, उजवीकडे निम्माच. सरांना वाटलं, हे आपल्या भागातल्या माणसांचं वैशिष्ट्य असेल. तक्रारी येतात कारण म्हाताऱ्यांना बसायला वेळ लागतो. "हे परिषदेत वाचू या," ते म्हणाले. "प्रबंधात वेगळं प्रकरण कर." माझ्या अर्ध्या मनाला ते पटलं. उरलेल्या अर्ध्या मनाला पटवायला वेळ नव्हता, कारण प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते आणि गावात माझ्या नावाची पाटी रंगवून तयार होती.

एका दुपारी काका पडद्यासमोर उभे होते. मी काकांचा जबडा चालवून परिषदेसाठी चित्रं काढत होतो.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

लावला.

"उजवीकडचं लाव. हळू."

लावला. पडद्यावरचा जबडा उजवीकडे निघाला, अर्ध्यावर थबकला, आणि चोरासारखा मधे परतला.

"परत."

चौथ्या वेळी काकांनी आपला डावा गाल हाताने धरला. "हा मी आहो बापू."

"हो काका. तुमचाच आहे तो."

"तसं नाई. हा मी आहो, खर्रा दाबून."

खर्रा आमच्याकडे कोण खात नाही? सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला, प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधून मिळतो. पण विभागात तो बंद होता. ज्याच्याकडे सापडेल तो घरी जाईल, असं सरांनी जाहीर केलं होतं. तोंडाच्या कर्करोगाची चित्रं झाडेकाकांनीच स्टुलावर चढून भिंतीवर लावली होती आणि सर्वांदेखत शपथ घेऊन स्वतः खर्रा सोडला होता.

"सुटला नवता," काका म्हणाले. "त्या दिवशी मनात भेव होतं, म्हनून सकाळीच एक लावला. थुकाले जातो तं सर मागं उभे. मंग तसाच डाव्या गालात दाबला. उजवीकडे जबडा नेला असता तं रस ओठावर आला असता. म्हनून नेलाच नाई." ते खाली बसले. "सारी मानसं माह्या चोरीनं जेवून राह्यली."

मी काय म्हणालो ते मला लिहायला हवं. मी म्हणालो, "काका, दोन महिने थांबा. प्रबंध जाऊ द्या. मग बघू."

ते माझ्या हनुवटीकडे बघत राहिले. "जैतुनबी थांबन का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा ते सरांच्या खोलीत होते. दार उघडं होतं. काका उभ्यानेच सगळं सांगत होते, शपथ, पुडी, डावा गाल, काही न गाळता. सरांनी विचारलं, "याला माहीत होतं?" आणि दारात मी दिसलो म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं.

"डॉक्टरले काई मालूम नवतं," झाडेकाका म्हणाले. "त्याले आत्ताच कळून राह्यलं."

मी दारात उभा होतो. मी काहीच बोललो नाही.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी काकांना काढलं नाही. उरलेली रजा घ्यायला लावली, आणि रजा संपली तेव्हा निवृत्तीची तारीख आली होती. निरोप-समारंभ झाला नाही. मला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. कारण म्हणून 'यंत्राचा दोष' असं लिहिलं गेलं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि माझा खरा गोंधळ इथून पुढे आहे. रजेवर असताना काका एकदा स्वतःहून आले. पंधरा दिवस खर्ऱ्याला शिवलो नाही, असं म्हणाले. दारातच स्वतः दोन्ही गाल बोटांनी ओढून दाखवले. "आता घे." मी पुन्हा पट्टा बांधला, पुन्हा चिमटा लावला. जबडा उजवीकडे निघाला आणि जवळजवळ त्याच जागी थबकला.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते.

"काऊन बे? आता तं तोंडात काईच नाई."

"तीस वर्षं डावीकडेच चावलं काका. सांधा तसाच घडला असेल."

"मंग त्या दिवशी खर्ऱ्याची चूक होती का माही?"

मी पट्टा सोडवला. पुढच्या महिन्यांत मी विभागातल्या शिपायापासून सरांपर्यंत सर्वांचे जबडे पडद्यावर घेतले. कोणी सुपारी चघळत होतं, कोणाचा एक दात लहानपणी पडला होता, सर पेन चावायचे. एकाचाही जबडा दोन्हीकडे सारखा जात नव्हता. सर्वसाधारण जबडा मला कुठे सापडलाच नाही. प्रबंधात मी तेच लिहिलं: पडदा खोटं दाखवत नाही, पण त्यात कोणाला बसवलं ते आधी विचारावं लागतं. जैतुनबींची नवी कवळी करताना मी आधी गिरडला जाऊन त्यांच्या दुकानाशेजारी तासभर बसलो. त्या फुटाण्याची चव घेऊन मगच गिऱ्हाईकाला द्यायच्या, नेहमी उजवीकडे. नवी कवळी तोंडात घालून त्यांनी मूठभर फुटाणे खाल्ले आणि म्हणाल्या, "अब ठीक हय. थोडी मेरी हय."

मी पास झालो. पेढे घेऊन काकांच्या गावी जायचं ठरवलं आणि गेलो नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं दोन वर्षं चाललं.

मग परवा मी बसने गावी निघालो होतो. देवळीच्या स्टँडवर बस थांबली. खिडकीतून बाकावर बसलेले काका दिसले. हातात पिशवी, डोळे समोर कुठेतरी, आणि जबडा चालू होता, डावीकडे, मधे, डावीकडे. तोंडात काही होतं की रिकामंच चालू होतं, ते मला ओळखता येईना. मी, ज्याला त्यांनीच हनुवट्या वाचायला शिकवलं. मी काचेवर टकटक केली. त्यांनी मान वळवली, माझ्या हनुवटीकडे पाहिलं, बहुधा ओळखलं. तेवढ्यात बस सुटली.

घरी पोचल्यावर मी पत्र लिहिलं. त्याची प्रत माझ्याजवळ आहे, तशीच इथे देतो.

"तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार.

पेढे द्यायला आलो नाही. कामामुळे आलो नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही.

त्या दिवशी तुम्ही सरांना सांगितलं की डॉक्टरला काही माहीत नव्हतं. तुम्हाला वाटत असेल की मला आदल्या दुपारपासून माहीत होतं आणि तेवढंच तुम्ही झाकलं. काका, मला त्याच्याही आधीपासून माहीत होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी चिमटा लावताना मला लवंगेच्या खालचा खर्ऱ्याचा वास आला होता. तुमचा डावा गालही जरा वर दिसला होता. तुम्ही मोठे, सर मागे उभे, तुम्हाला थुंकून या असं कसं म्हणू, असं वाटलं. मी मान वळवली आणि पट्टा आवळला. नंतर इतके महिने मी केबली बदलत होतो तेव्हा ते मला आठवत होतं की नव्हतं, हे मी देवाशपथ सांगू शकत नाही. मला खरंच कळत नाही.

सरांना मी आत्ताच फोन करून हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, झाड्यांना सांगितलंस का?

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, दिवसभर काय चावता. शिंप्याला विचारतो, म्हातारीला विचारतो. फक्त तुम्हाला कोणी कधी विचारलं नाही.

रविवारी पहिल्या बसने येतो. पेढे आणतो, आणि आरसा आणतो. खिडकीजवळ उजेडात बसायचं, तोंड उघडायचं. रागावलात तरी चालेल. या वेळी मी तुमचा गाल ओढून पाहणार आहे.

तुमचा,
बापू"